सर खोलीत असताना

"शंभर लिहा," ठवकरकाका म्हणाले.

"काका, मी अजून प्रश्न पुरता वाचलाही नाही," रुचिरा म्हणाली.

"तू वाच ना बाई. पण लिही शंभरच."

रुचिराने प्रश्न पहिल्यापासून वाचला. थकवा आलेला असताना ठरलेला व्यायाम पूर्ण करता येईल, याची तुम्हाला किती खात्री वाटते? शून्य म्हणजे मुळीच नाही. शंभर म्हणजे पूर्ण खात्री.

ठवकरकाकांनी खिडकीकडे पाहिलं. तिथे नोव्हेंबरच्या कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून डॉक्टर सबनीस बसले होते. पायावर पाय, हातात चष्मा. काकांनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "शंभर, जी."

सबनीसांनी मान डोलावली.

काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते. त्या दिवशी खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही जे बसलो होतो त्या सगळ्यांना एकच आजार होता, मल्टिपल स्क्लेरॉसिस. शरीर स्वतःच्याच नसांवरचं आवरण खातं आणि मेंदूने सोडलेला निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. नागपुरातल्या एका धर्मादाय संस्थेने आमच्यासाठी व्यायामाचा वर्ग सुरू करायचं ठरवलं होतं. त्याआधी आमची खात्री मोजायची, तीन महिने व्यायाम घ्यायचा, मग पुन्हा मोजायची. आकडे वाढले तर वर्ग कायमचा चालू राहणार होता. नाही वाढले तर हॉल दुसऱ्या कामाला जाणार होता. हे रुचिराने आम्हाला आधीच सांगितलं होतं. ती तिथली फिजिओथेरपिस्ट. अभ्यास मात्र सबनीसांचा होता.

काकांनंतर प्रमिला उमरेडकर आत गेली. ती चाकांच्या खुर्चीत असायची. दार उघडंच होतं, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू येत होतं. "पंच्याण्णव. पंच्याण्णव. याचे शंभर लिवा, ताई."

मग माझी पाळी आली.

"थकवा असताना?"

"चाळीस."

"सोबत कोणी नसताना?"

"पंचावन्न."

"उन्हाळ्यात?"

"दहा."

सबनीसांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "दहा?"

"हो सर. उष्णता वाढली की नसांमधून निरोप..."

"ते मला ठाऊक आहे." ते रुचिराकडे वळले. "अशा रुग्णांची नोंद वेगळी ठेव. यांचा आजार पायात कमी आणि डोक्यात जास्त असतो."

रुचिराने मान खाली घातली. मी तिच्या समोरच्या कागदावर नजर टाकली. आधीच्या लोकांचे आकडे सरळ दिसत होते. शंभर, पंच्याण्णव, शंभर, शंभर. यात काय चुकतंय हे मला तेव्हाच दिसलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी समोर कोण बसलंय ते मी विसरले, फक्त चूक दिसली. शिकलेली सवय सुटत नाही. मी म्हणाले, "सर, एक सुचवू का? हे विचारताना तुम्ही या खोलीत..."

"बाई," ते हसून म्हणाले, "इथे प्रश्न आम्ही विचारतो. विचारलं तेवढंच सांगायचं."

"बरं," मी म्हणाले.

हे वाक्य त्यांनी मला दुसऱ्यांदा ऐकवलं होतं.

पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि त्यांच्याच प्रयोगशाळेत जीवरसायनशास्त्रात संशोधन करत होते. कॉलेजातली लिफ्ट प्राध्यापकांसाठी होती. आम्ही विद्यार्थी जिन्याने जात असू. एका दुपारी रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्यांचा स्टँड घेऊन मी खाली येत होते आणि डावा पाय नाहीसा झाला. दुखला नाही, मुरगळला नाही. पायरीवर टेकलेलं पाऊल मला जाणवलंच नाही. मी पडले. नळ्या फुटल्या. आवाज ऐकून सबनीस बाहेर आले. नसांचे मोठे डॉक्टर होते ते, लांबलांबून रुग्ण त्यांच्याकडे येत.

मी उठत म्हणाले, "सर, पायाला काही कळतच नव्हतं. गेल्या महिन्यातही एकदा असं..."

"विचारलं तेवढंच सांगायचं," ते म्हणाले. जिन्यात बरीच मुलं जमली होती. "नमुने कुणी फोडले एवढंच मी विचारतोय. नसांच्या डॉक्टरसमोर पाय लुळा पडल्याचं नाटक? आई-वडिलांना सांग, लग्न करून द्या, पाय आपोआप चालायला लागेल."

मुलं हसली. आठवड्याभरात माझी जागा दुसऱ्याला गेली. मीही त्यांचं म्हणणं खरं धरलं आणि पायाची तक्रार पुन्हा कुणाकडे केली नाही. आजाराचं नाव कळायला त्यानंतर तीन वर्षं लागली. तेही एका डोळ्याने दिसेनासं झालं म्हणून. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, पहिलं लक्षण दिसलं तेव्हा कुणाला का दाखवलं नाहीत? लवकर औषध सुरू झालं असतं तर डावा पाय किती वाचला असता, हे आता कुणालाच मोजता येणार नाही.

पहिल्या मोजणीच्या दिवशी सबनीसांच्या हातातल्या यादीवर माझं नाव होतं, शैलजा खानझोडे. मी लग्न केलं नव्हतं, नाव बदललं नव्हतं. त्यांनी ते नाव मोठ्याने वाचलं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नव्हतं.

खाली रिक्षाची वाट बघताना मी प्रमिलाला विचारलं, "पंच्याण्णव? काल तर म्हणत होतीस की न्हाणीपर्यंत जायचं म्हटलं तरी धडकी भरते."

"मंग? डॉक्टर समोर बसले होते ना वो. त्याईच्या तोंडावर नाही कसं म्हणावं?"

"ते तुझी परीक्षा घेत नव्हते."

"माझी नाही, त्याईचीच होती," प्रमिला म्हणाली. "एवढा मोठा माणूस आपल्यासाठी येऊन बसला. कमी मार्क द्यायचे का त्याले?"

भरलेल्या तांब्यात आणखी पाणी ओतता येत नाही. व्यायामाने लोक कितीही सुधारले तरी शंभराच्या वर आकडा जाणार नव्हता. सबनीसांना मान घ्यायची हौस होती आणि त्या हौसेनेच त्यांचा अभ्यास पहिल्या दिवशी बुडवला होता. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मला त्यांनीच शिकवलं होतं.

पण वर्ग सुरू झाला आणि गप्प बसणं पुरेसं वाटेना.

वर्ग चांगला होता, हीच अडचण होती. रुचिरा घाई करत नसे. भिंतीला लावलेल्या दांड्याला धरून आधी नुसतं उभं राहायचं, मग टाच उचलायची, मग दम खायचा. ठवकरकाका प्रत्येक वेळी घंटीची दोरी ओढल्यासारखा हात करून "जाऊ द्या, ड्रायव्हरसाहेब!" असं ओरडत आणि मगच पाऊल टाकत. डिसेंबरच्या शेवटी प्रमिला खुर्चीतून उठून उभी राहिली. जानेवारीत मला म्हणाली, "काल ओट्यापाशी उभी राहून पोळ्या लाटल्या. नवरा पाहातच राहिला. म्हणते, बसून लाट ना. म्या म्हटलं, बसून लाटाले का मी पाहुणी आहे?"

सबनीस अधूनमधून येत. दारातच उभे राहत, आम्ही सगळे नमस्कार करत असू, मग ते निघून जात. एकदा माझ्यापाशी थांबून म्हणाले, "काय बाई, दहाचे वीस झाले की नाही?" लोक हसले. पंधरा वर्षांपूर्वी जिन्यात असंच हसले होते. आकडे वाढले नाहीत म्हणून त्यांचा अभ्यास नुसता फिका पडला असता. फिक्या अभ्यासाने कुणी जिन्यातून पडत नाही. मला ते पडायला हवे होते, आणि लोकांसमोर.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला रुचिराच माझ्याकडे आली. "ताई, तुम्ही पूर्वी संशोधन केलंय ना? दुसरी मोजणी जवळ आली. सर म्हणाले, आणखी काटेकोर काय करता येईल ते बघ. काय करू?"

तिने विचारलं होतं. मी उत्तर दिलं.

"सरांना खोलीत बसू देऊ नकोस. डॉक्टर समोर असले की लोक त्यांना बरं वाटेल असं बोलतात. तू एकटी विचार. आणि आधीच सांग, आकडा लहान असला तरी चालेल, आम्हाला खरा हवाय."

"खरंच की," ती म्हणाली. "हे मला सुचायला हवं होतं."

दोन दिवसांनी सबनीस वर्गात आले आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "या वेळी मी खोलीत बसणार नाही. शास्त्रीय दृष्ट्या ते योग्य नाही, असा निर्णय मी घेतला आहे." रुचिराने माझ्याकडे पाहिलं. मी दांड्याला धरून टाच उचलत होते. ते श्रेय स्वतःकडे घेणार, हे मला ठाऊक होतं. त्यांनी तसं केलं नसतं तर पुढे दोष रुचिरावर आला असता आणि मला तिला वाचवायची वाट शोधावी लागली असती.

माझा सल्ला बरोबर होता. कोणत्याही पुस्तकात तोच सापडेल. फक्त तो पहिल्या मोजणीच्या आधी द्यायचा असतो.

दुसरी मोजणी झाली. ठवकरकाका बाहेर आले ते खुशीत. "साठ सांगितले. एकट्यानं कराचे पन्नास. काय राजेहो, हलकं वाटून राहिलं!" प्रमिलाने पंचावन्न सांगितले होते. माझे आकडे सगळे थोडेथोडे चढले होते. उन्हाळ्याचे पंधरा.

त्या संध्याकाळी प्रमिलाने खुर्ची माझ्या बाकाशेजारी आणून थांबवली. तिचा नवरा रिक्षा बघायला गेला होता.

"शैलजा, मांगं म्या पंच्याण्णव म्हटले होते. आता पंचावन्न. म्हणजे कागदावर मी घसरली ना?"

"हो."

"आन काका बी."

"सगळेच."

"मंग वर्ग बंद होईन." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुले माहीत होतं."

मी मान डोलावली.

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आन तूच त्या पोरीले सांगितलं, डॉक्टरले बाहेर बसव म्हणून. मले तिनं सांगितलं. कौतुकानं सांगितलं." तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "काहून?"

मग मी तिला जिन्यातली गोष्ट सांगितली. तेवढी पूर्ण मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "तुझं बरोबर आहे. म्या असती तर त्याच्या डोक्यात लाटणं घातलं असतं. पण त्याले पाडाले तू आमचे पाय काहून वापरून राहिली?"

"वर्ग बंद होणार नाही. मी बैठकीत सगळं सांगेन."

"केव्हा?"

"विचारल्यावर."

"आन कोणी विचारलंच नाही तर?"

"तर न विचारता बोलेन."

"तू?" प्रमिला म्हणाली. "तू भाजीवाल्याले भाव बी विचारत नाही."

तिचा नवरा रिक्षा घेऊन आला. तिने माझ्याकडे पाठ करून त्याचा हात धरला.

बैठक संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होती. विश्वस्त पहिल्या रांगेत, त्यांच्यामागे शहरातले काही डॉक्टर, आणि मागे आम्ही. अध्यक्ष नलिनीताई घारपुरे, सत्तरीच्या, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सबनीसांनी पडद्यावर दोन खांब दाखवले. पहिला छताला टेकेल इतका उंच. दुसरा त्याच्या अर्ध्याहून थोडासा वर.

हॉलमध्ये कुजबूज झाली. सबनीस त्या कुजबुजीला तयार होते.

"निष्कर्ष अनपेक्षित असला तरी महत्त्वाचा आहे," ते म्हणाले. "व्यायामाने या रुग्णांची खात्री घटली. कारण त्यांच्या मनोवृत्तीत आहे. कष्ट पडले की ही माणसं खचतात. मी हे अनेक वर्षं पाहत आलोय. माझी शिफारस आहे की वर्ग बंद करावा आणि हॉल दुसऱ्या उपक्रमाला द्यावा."

माझ्या पुढच्या खुर्चीत ठवकरकाका हळूच म्हणाले, "आमी खचलो? कवा?"

नलिनीताईंनी मागे वळून पाहिलं. "रुग्णांपैकी कुणाला काही सांगायचंय?"

कुणीही बोललं नाही. डॉक्टर समोर होते.

मी उठायला हवं होतं. मी ठरवलं होतं. खुर्चीच्या हातांवर माझे पंजे टेकलेले होते, पण मी उठले नाही. पंधरा वर्षांपूर्वीचा जिना अजून तिथेच होता. नलिनीताई पुढे वळल्या. त्यांनी समोरचे कागद एकत्र केले.

"ताई!" प्रमिला म्हणाली. सगळ्यांनी मागे पाहिलं. "या शैलजाबाईले विचारा. तिले सगळं माहीत आहे. पण विचारल्याशिवाय बोलत नाही थे."

"शैलजाबाई," नलिनीताई म्हणाल्या, "काय माहीत आहे तुम्हाला?"

मी उभी राहिले.

"आधी तुम्ही ठवकरकाकांना एक विचाराल का? पहिल्या वेळी त्यांनी शंभर का सांगितले?"

नलिनीताईंनी विचारलं. काका उभे राहिले आणि टोपी काढून हातात घेतली. "सायेब समोर बसले होते जी. कोणाच्या घरी जेवाले गेलं आन भाजी अळणी निंगाली, तर मालकाच्या तोंडावर म्हणते का कोणी?"

हॉल हसला.

"आणि दुसऱ्या वेळी?" नलिनीताईंनी विचारलं.

"तवा सायेब नव्हते. म्हणून भाजी कशी होती थे सांगितलं."

या वेळी शहरातले डॉक्टरही हसले. सबनीस म्हणाले, "ही चर्चा शास्त्रीय नाही..."

"मी त्यांना विचारतेय, डॉक्टर," नलिनीताई म्हणाल्या. "बोला, शैलजाबाई."

"पहिली मोजणी झाली तेव्हा सर खोलीत होते. दुसरीला नव्हते. दोन्ही वेळी हवा थंड होती, प्रश्न तेच, विचारणारी तीच, माणसं तीच. सर समोर असताना लोकांनी वाढवून सांगितलं, नसताना खरं सांगितलं. ज्यांनी दोन्ही वेळा खरं सांगितलं त्यांचे आकडे वाढलेत. ती नोंद वेगळी ठेवायला सरांनीच सांगितलं होतं. रुचिराकडे असेल."

रुचिरा उठली. "आहे. शैलजाताईंचा प्रत्येक आकडा वाढलाय. पण ही एकाच व्यक्तीची नोंद आहे."

"बरोबर," मी म्हणाले. "एका व्यक्तीवरून काहीच सिद्ध होत नाही."

"मग व्यायामाचा उपयोग होतो की नाही, ते कळायचं कसं?" नलिनीताई म्हणाल्या.

तेवढ्यात प्रमिलाने खुर्चीचे ब्रेक लावले. तिचा नवरा पुढे झाला, तिने त्याला हातानेच थांबवलं. ती उठली. कशालाही न धरता उभी राहिली, इतका वेळ की हॉलमधली कुजबूज थांबली. मग म्हणाली, "नोव्हेंबरात मी अशी उभी राहात नव्हती. थे पाहा आन लिवा काय लिवाचं थे."

आणि बसली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

नलिनीताईंनी चष्मा काढला. "वर्ग चालू राहील. मोजणी पुन्हा पहिल्यापासून होईल आणि ती रुचिराबाई करतील." मग पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "पण मग हे इतके दिवस आपण मोजलं तरी काय?"

त्यांनी मलाच विचारलं होतं.

"सर खोलीत असणं आणि नसणं, यातला फरक," मी म्हणाले. "तो मात्र फार काटेकोरपणे मोजला गेलाय. सरांनी स्वतः निर्णय घेऊन."

सबनीस पडद्यासमोर उभे होते. उंच खांबाचा उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता. पुढच्या रांगेतल्या एका डॉक्टरने शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघांनी खाली पाहिलं. मी सगळं नीट पाहून घेतलं. एकाच डोळ्याने, पण नीट.

लोक पांगल्यावर लिफ्टपाशी सबनीस माझी वाट पाहत होते.

"तुम्हाला संशोधनाची माहिती दिसते."

"तुमच्याकडेच शिकले."

"माझ्याकडे?" त्यांनी माझा चेहरा न्याहाळला. ओळख पटली नाही.

"जिन्यात नळ्या फुटल्या होत्या. रक्ताच्या नमुन्यांच्या."

"हां," ते लगेच म्हणाले, "ते नमुने! वर्षभराचं काम होतं." मग थांबले. त्यांची नजर माझ्या काठीवर आली, डाव्या पायावर गेली आणि तिथेच राहिली. त्यांच्यातल्या डॉक्टरने हिशेब केला असावा, कारण चेहऱ्याचा रंग उतरला. "ती तू?"

"हो."

"मोजणीच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं असणार तुझ्या. मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

लिफ्ट आली. त्यांनी दार धरून ठेवलं आणि बाजूला सरले. मी आत जावं म्हणून.

बैठकीनंतर माझे पाय थकलेले होते. त्या क्षणी रुचिराने विचारलं असतं, दोन मजले उतरता येतील याची किती खात्री वाटते, तर मी वीस म्हटलं असतं, आणि ते खरं असतं. मी काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने कठडा धरला आणि जिन्याने उतरू लागले. वरून दार मिटल्याचा आवाज आला नाही. ते धरूनच उभे होते. मी घाई केली नाही. प्रत्येक पायरीवर डावं पाऊल कुठे टेकलंय ते डोळ्याने बघत होते, कारण पायाला ते कळत नाही, आणि सबनीसही वरून तेच बघत होते.

खाली प्रमिला रिक्षात बसली होती. तिने सरकून जागा केली, पण घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. पुढचे दोन दिवस मी अंथरुणातून उठू शकले नाही.

तो जिना मी आजही उतरेन.